बेचाळिसावी सोयरीक

माझ्या हातून एक्केचाळीस लग्नं जमली आहेत. बढाई मारायची असती तर चाळीसच सांगितली असती, कारण त्यातलं एक मोडलं. लातूरहून नांदेड रोडला निघालं की आमचं विद्यापीठ लागतं, तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची मी एकवीस वर्षं रेक्टर आहे. गुरम्मा मॅडम आल्या म्हटलं की मुली आवाज खाली आणतात आणि भेटायला आलेल्या त्यांच्या आया मला बसायला खुर्ची पुढं करतात. माझ्या पिशवीत कायम दोन-चार स्थळं असतात हे आयांना ठाऊक असतं.

ग्रंथालयाच्या मागे कडुनिंबाखाली दगडी बाकं आहेत, ती माझ्या गॅलरीतून सरळ दिसतात. दर शनिवारी चारच्या सुमाराला तिथं आठ-दहा पोरं-पोरी जमायची. त्यातली दोघं सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात शेवटी उठायची. एक आमच्याच वसतिगृहातली सृष्टी, उदगीरच्या मल्लिकार्जुनअप्पांची मुलगी, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. दुसरा देगलूरचा विरूपाक्ष, एम.एस्सी. करणारा, उंच, बोलायला मऊ. एका शनिवारी तो मान खाली घालून बसला होता आणि सृष्टीनं त्याचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. चांगली पंधरा मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं. दुसरी कुणी रेक्टर असती तर खाली जाऊन ओरडली असती. मी आत जाऊन डायरी काढली.

दोघंही लिंगायत, पोटजात एक, गोत्र वेगळं. मुलीच्या बापाचं उदगीरला भांड्यांचं दुकान. मुलाचे वडील वारलेले, आई नागम्मा अंगणवाडीत, घरची तीन एकर जमीन. इतकं नीट स्थळ ताटात वाढून आल्यावर नाही कसं म्हणायचं? पोरं प्रेम करून बसलीत, घरी सांगायची हिंमत नाही, आता मी नाही बोलणार तर कोण बोलणार, असं मनाशी ठरवून दिवाळी झाल्या झाल्या मी दोन्हीकडं फोन लावले. पोरांना विचारलं का? नाही. एक्केचाळीस वेळा पोरांना शेवटी विचारलं होतं, बेचाळिसाव्या वेळेला वेगळं करायचं मला काही कारण दिसलं नाही.

मल्लिकार्जुनअप्पा फोनवरच हरखले. "अक्का, तुम्ही बघितल्यावर मी काय बघायचं राहिलं? पोरगी एम.ए. होऊस्तोर थांबू म्हणलं हुतं, पण असलं स्थळ असंल तर थांबायचं कशाला?"

नागम्मा मात्र एवढंच म्हणाल्या, "येते की. मला तुमाला भेटायचंच हाय."

भेट ठरली येळवशीला, चाकूरजवळ माझ्या भावाच्या, शिवप्रसादच्या शेतात. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी आमच्याकडं गावंच्या गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात जेवायला जातात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो आणि का आलास असं त्याला कुणी विचारत नाही. स्थळ बघायला याच्यासारखा सोयीचा दिवस नाही. जमलं तर तिथंच सुपारी फोडायची, नाही जमलं तर आपण शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खायला आलो होतो.

येळवशीला दहा दिवस उरले असताना दोघं माझ्या ऑफिसात आली. सृष्टी रागानं लाल झाली होती.

"मॅडम, तुम्ही आमच्या अप्पांना फोन केला?"

"केला. पेढे कुठंयत?"

"मला एकदा विचारायचं तरी. आम्ही दोस्त आहोत, फक्त दोस्त."

"सगळे आधी हेच म्हणतात," मी म्हटलं.

"आमचं सगळ्यांसारखं न्हाई मॅडम," ती म्हणाली आणि थांबली. पुढचं सांगायचा हक्क तिचा नव्हता हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं विरूपाक्षकडं बघितलं.

विरूपाक्ष टेबलाच्या काचेकडं बघत होता. काचेखाली मी जमवलेल्या लग्नांचे फोटो होते, आणि त्यांच्याकडं बघतच तो बोलला. "मॅडम, मला मुली आवडत न्हाईत. म्हणजे लग्नासाठी. मला मुलं आवडतात, पहिल्यापासून. हे सृष्टीला माहितीय, शनिवारच्या पोरांना माहितीय, आन आता तुम्हाला. आईला माहीत न्हाई. वडील गेल्यापासून ती माझ्याकडं बघून दिवस काढून राहिली. मी सांगणार हाय तिला. पण माझ्या तोंडानं, मला जमंल तवा. येळवशीला चार माणसांत पोरगी का नको म्हणून विचारलं तर मी काय सांगू?"

एकवीस वर्षांत मी मुलींचे ताप काढले, पळून गेलेल्या परत आणल्या, एका मुलीचं बाळंतपणसुद्धा याच ऑफिसच्या मागच्या खोलीत केलं. आणि त्या पोरापुढं मी म्हटलं काय, तर "चहा घेणार का?" तो हो म्हणाला, आणि तो हो म्हणाला याचं मला फार बरं वाटलं.

हे माझ्यापाशीच राहील, असा मी विरूपाक्षला शब्द दिला, आणि चहा पिता पिता त्यांनी मला शनिवारचं सांगितलं. ज्यांना स्वतःबद्दल घरी बोलता येत नाही अशी मुलंमुली, आणि त्यांच्यासोबत बसणारी सृष्टीसारखी बाकीची. मंडळाला त्यांनी नाव दिलं होतं, 'सोबत'. करायचं काय, तर बसायचं, बोलायचं, कुणी दोन शनिवार दिसलं नाही तर त्याच्या खोलीवर जाऊन यायचं. बाकावर कुणीतरी दोनदा खडूनं घाण लिहून ठेवलं होतं, ते पुसून ती त्याच बाकावर बसली होती. आणि ज्या शनिवारचा हात मी घड्याळ लावून मोजला, त्या दिवशी विरूपाक्षच्या मामाचा फोन आला होता की तुझ्यासाठी मुली बघायला घेतो. म्हणजे पोरगं ज्या भीतीनं रडत होतं, तीच मी दुसऱ्या बाजूनं त्याच्या दारात नेऊन उभी केली होती.

ती दोघं गेल्यावर मला सिद्धराम आठवला. मोडलेलं लग्न त्याचं. लग्नाच्या आधी तो एकटाच माझ्याकडं आला होता, म्हणाला, "अक्का, जरा थांबू या का?" मी हसून त्याला वाटेला लावलं. बायकोशी तो सात वर्षं घरी आलेल्या पाहुण्यासारखा अदबीनं वागला. शेवटी ती निलंग्याला माहेरी निघून आली, तेव्हा मी तिलाच झापलं, तुलाच संसार करता आला नाही म्हणून. सिद्धरामला त्या दिवशी काय सांगायचं होतं ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही, एवढं मात्र ठाऊक आहे. त्या संध्याकाळी मला माझी इतकी चीड आली की मी मेसमधल्या बाईवर विनाकारण ओरडले आणि नंतर तिची माफी मागितली.

मोडायचं तर ठरलं, पण मोडायचं कसं? विरूपाक्षनं नाही म्हणायचं तर का नाही, असं आई विचारणार, मामा विचारणार. सृष्टीनं नाही म्हणायचं तर अप्पा तिला सरळ उदगीरला घेऊन जाणार, असलं स्थळ नाकारणाऱ्या पोरीला पुढं शिकवतो कोण? मी फोनवरून आडून सुचवून बघितलं, तर अप्पा म्हणाले, "फोनवर सोयरीक मोडतात का अक्का? माझ्या पोरीत खोट काढली का पोरात हाय, ते समोर सांगा." खोट शोधायला माणसं एकदा निघाली की ती थांबत नाहीत. राहिलं एकच माणूस, ज्याच्यात खोट निघाली तरी कुणाचं लग्न अडत नव्हतं आणि कुणाचं शिक्षण बुडत नव्हतं. ते म्हणजे मी. मला ते आवडलं नाही, हेही सांगून टाकते. माझा शब्द कधी खाली पडला नव्हता.

येळवशीला ऊन छान होतं. ज्वारी कमरेच्या वर आली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. शिवप्रसादनं कडब्याची कोप बांधून आत पांडव म्हणून पाच पांढरे दगड मांडले होते. सृष्टी वसतिगृहातून माझ्यासोबतच आली होती. मल्लिकार्जुनअप्पा जीप करून आले, बायको आणि भाऊ सोबत, पिशवीत साडी आणि सुपारी. नागम्मा एसटीनं आल्या, विरूपाक्षचा हात धरून बांधावरून चालत, काखेत तिळाच्या पोळ्यांचा डबा. पूजा झाली. आंबिलीचं बोट देवांना लागलं. पंगत बसायच्या आधी अप्पांनी पानावर सुपारी काढून ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. समोर विरूपाक्ष बसला होता, त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"अप्पा," मी म्हटलं, "ती सुपारी पिशवीत ठेवा. ही सोयरीक मी जमवली, मीच मोडते."

"का म्हणून? खोट कुणात हाय?"

"माझ्यात हाय. दोन पोरं शेजारी बसलेली बघितली आन त्यांचं लग्न लावून मोकळी झाले. त्यांना विचारलं न्हाई. आता विचारलं, तर दोघं भावा-बहिणीवाणी निघाली. भावा-बहिणीचं लग्न लावू का म्या? तुमच्या पोरीत काही न्हाई, ह्यांच्या पोरात काही न्हाई. म्हातारी होऊन मीच येड्यावाणी केलं."

"अक्का, मी सगळ्या गल्लीला सांगून आलोय."

"मग माझं नाव सांगा. गुरम्माला आता दिसत न्हाई, तिच्याकडं स्थळ विचारायला जाऊ नका, असं सगळ्या गल्लीला सांगा."

अप्पा उठले. चपला पायात घातल्या, बायकोला चल म्हणाले. त्यांचा अपमान झाला होता आणि तो मी केला होता, मला वाईट वाटत होतं. शिवप्रसाद पत्रावळ्या मांडता मांडता मान वर न करता म्हणाला, "अप्पा, येळवशीला आंबील घेतल्याबिगर रानातनं जायचं नसतं." अप्पा तसेच उभे राहिले. मग चपला काढून बसले. एक वाटी आंबील म्हणून बसलेला माणूस भज्जी दोनदा घेतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिसऱ्यांदा वाढायला सृष्टी आली.

"अप्पा, एम.ए. होऊ दे, मग बघू."

"मग काय करतो?" अप्पा बाजरीचा उंडा मोडत म्हणाले, "स्थळच राहिलं न्हाई तर करावंच लागंल एम.ए."

विरूपाक्ष हसला. त्या दिवसातला त्याचा पहिला घास तेव्हा खाली गेला.

जेवणं झाल्यावर नागम्मांनी मला तुरीच्या शेंगा तोडायच्या निमित्तानं बांधाकडं नेलं. मला वाटलं, आता ह्यांचीही बोलणी खायची. त्या शेंगा ओटीत टाकत राहिल्या.

"अक्का, मी सोयरीक करायला आलेच नव्हते."

"मग?"

"माझा पोरगा तिकडं कुणात उठतो-बसतो, ते बघायला आले. तो मला सांगत न्हाई, पण मी आई हाय त्याची. दहावीत असल्यापासून कळतंय मला. त्याला काय म्हणतात ते नाव माहीत न्हाई. भाऊ माझा पोरी बघू म्हणून मागं लागला, त्याला मी टाळून राहिले." त्यांनी एक शेंग सोलली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. "एकच विचारते. तो एकटा तर न्हाई ना तिथं?"

माझ्या जिभेची मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. पोराला मी शब्द दिला होता. त्याच्याबद्दल एक अक्षरही मला बोलायचं नव्हतं, आणि ही बाई माझ्याकडं अशी बघत होती की गप्प राहणं पाप वाटावं. मी म्हटलं, "एकटा न्हाई. शनिवारी आठ-दहा जणं असतात एकत्र. आता भज्जी वाढून राहिली ती सृष्टी त्यातलीच."

"बास," त्या म्हणाल्या. "मला एवढंच पाहिजे हुतं."

परत येताना त्यांनी माझं मनगट धरलं. "आन अक्का, मला कळलंय हे त्याला सांगू नका. तो सांगंल तवा मला नव्यानं ऐकायचंय. एवढी हिंमत करून पोरगं बोलंल, आन मी काय म्हणू, माहीत हाय म्हणून? त्याचं बोलणं वाया जाईल."

आयुष्यभर मी या घरचा निरोप त्या घरी नेत आले. आता एकच निरोप दोन्हीकडून माझ्याकडं आला होता आणि मला तो कुठंच न्यायचा नव्हता. पुढच्या महिन्याभरात माझं जे झालं ते शत्रूचं होऊ नये. जेवताना आठवायचं, आंघोळ करताना आठवायचं, विरूपाक्ष समोरून गेला की जीभ दाताखाली धरायची.

त्या जिभेला दुसरं काम हवं होतं, म्हणून मी कुलसचिवांकडं अर्ज घेऊन गेले. वसतिगृहाच्या तळमजल्यावर पालकांसाठी भेटीचा हॉल आहे, तो शनिवारी चार ते सहा 'सोबत'ला द्यावा.

"हे मंडळ करतं काय?" साहेबांनी विचारलं.

"पोरं एकत्र बसून बोलतात."

"कशाबद्दल?"

"स्वतःबद्दल. आणि कुणाला त्रास होत असला तर त्याच्यासोबत उभी राहतात."

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. त्यांना समजलं होतं, आणि समजलं नाही असं दाखवणं त्यांना सोयीचं होतं. "जबाबदार व्यक्ती म्हणून कुणाचं नाव टाकायचं?" ते म्हणाले. मी अर्ज उलटा करून दाखवला, तिथं माझी सही होती. त्यांनी खाली त्यांची केली.

हॉलमध्ये पाण्याचा कूलर आहे, खुर्च्या आहेत, दार लावता येतं. आणि दाराबाहेर मी बसते, विणकाम घेऊन. खडू घेऊन कुणी आलंच तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल. आमच्याच दुसऱ्या मजल्यावरची राजकन्या नावाची एक अबोल मुलगी, रेणापूरकडची, पहिल्या शनिवारी कूलरवर बाटली भरून गेली. दुसऱ्या शनिवारीही बाटली भरून गेली. तिसऱ्या शनिवारी ती बाटली भरायला विसरली आणि सृष्टीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. माझे टाके चुकले, मी ते उसवले. ती कोणापैकी आहे, स्वतःसाठी आली की दुसऱ्यासाठी, हे मी विचारलं नाही. आता मी न विचारायला शिकले आहे, आणि कधी विचारायचं तेही थोडंथोडं.

संक्रांतीला गावी जायच्या आधी विरूपाक्ष माझ्याजवळ येऊन बसला. पाठीला बॅग होती.

"मॅडम, या खेपेला आईला सांगावं म्हणतो. ती काय म्हणंल?"

माझ्या तोंडात अख्खं वाक्य तयार होतं. मी ते गिळलं. "मला काय माहीत बाबा," मी म्हटलं, "तुझी आई, तू ओळखतोस."

"भ्या वाटतंय."

"वाटू दे. जमलं तर सांग, न्हाई जमलं तर तिळगूळ खाऊन परत ये. शनिवार कुठं जात न्हाई."

तो गेला. तीन दिवस मी फोन उशाशी घेऊन झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी, मुली वर्गाला गेल्यावर, नागम्मांचा फोन आला.

"अक्का, सांगितलं त्यानं."

मी खुर्चीवर बसले. "काय म्हणालात?"

"मला वाटलं हुतं, नव्यानं ऐकल्यावाणी करावं लागंल. तोंड कसं करायचं, काय बोलायचं, सगळं ठरवून ठेवलं हुतं मी. पण त्यो चुलीपुढं बसला, आन बोलायला लागला. मला काहीच करावं लागलं न्हाई अक्का. खरंच नवं वाटलं. इतकं जवळ येऊन पोरगं माझ्याशी कधी बोललंच नव्हतं."

"मग?"

"मग काय. मी रडले, त्यो रडला. म्हणलं, भाकर गार होऊन राहिली, जेव. जेवला. दोन भाकरी खाल्ल्या."

मी म्हटलं, बरं झालं, ठेवते फोन, ऑफिसात मुली आल्यात. ऑफिसात कुणी नव्हतं. मी दार लोटून घेतलं आणि पोटभर रडले.